गेम बॉय एम्युलेटर: गेममधलं घड्याळ तीन मशीनवर तीन वेगवेगळ्या वेळा दाखवतंय, चूक कुठे शोधू?

अर्धवट_कोडर

नमस्कार मंडळी, गेले काही महिने फावल्या वेळात गेम बॉयचा एम्युलेटर (कॉम्प्युटरवर त्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्राम) लिहितोय, साधं सी आणि एसडीएल२ ही चित्र-आवाजाची लायब्ररी, बाकी काही नाही. सीपीयूच्या सगळ्या टेस्ट पास होतात, चित्र नीट दिसतं, आवाजही बऱ्यापैकी येतो, म्हणजे मला वाटलं झालंच आता, उरलीसुरली साफसफाई करायची आणि मोकळं व्हायचं. पण वेळेच्या भानगडीने पार डोकं उठवलंय.

झालं असं की पोकेमॉन रेडमध्ये किती वेळ खेळलो ते दिसतं ना, ते मी सहज फोनच्या स्टॉपवॉचशी ताडून बघितलं. बरोबर एक तास चालवलं. घरच्या डेस्कटॉपवर (६० हर्ट्झचा मॉनिटर, व्हीसिंक म्हणजे मॉनिटरच्या रिफ्रेशच्या तालावर फ्रेम देणं, ते चालू) गेमने दाखवलं ५९ मिनिटं ५८ सेकंद. म्हटलं वा, दोन सेकंद इकडे तिकडे चालायचंच. मग तोच कोड लॅपटॉपवर, तिथे व्हीसिंक बंद आहे आणि वेळ मी स्वतः मोजून थांबतो, तर १ तास २ मिनिटं २८ सेकंद! आणि भावाच्या १४४ हर्ट्झच्या मॉनिटरवर व्हीसिंक लावून चालवलं तर मोजायचीही गरज पडली नाही, पात्रं नुसती पळत सुटली.

डेस्कटॉपवर बरोबर येतंय म्हणजे लॉजिक बरोबर आहे असं मी धरून चाललोय, तर मग लॅपटॉपचं घड्याळच खराब आहे का? असं होऊ शकतं का?

दुसरा प्रश्न कार्ट्रिजमध्ये घड्याळ असलेल्या गेमचा, म्हणजे एमबीसी३ चिपवाले. गेमने वेळ मागितली की मी सरळ कॉम्प्युटरची लोकल वेळ काढून तास-मिनिट-सेकंद रजिस्टरमध्ये भरून देतो, दिवसासाठी वर्षातला कितवा दिवस ते देतो, आणि गेम त्या रजिस्टरमध्ये जे काही लिहितो ते चक्क फेकून देतो. चालतं तसं. पण मागच्या आठवड्यातली सेव्ह स्टेट (एम्युलेटरने साठवलेली त्या क्षणाची पूर्ण स्थिती) उघडली की सकाळची एकदम रात्र होते, आणि फास्ट फॉरवर्ड करून चार तास खेळलं तरी गेममध्ये संध्याकाळ होत नाही. यात बरोबर काय म्हणायचं तेच कळत नाहीये.

टिकटिक

लॅपटॉपच्या घड्याळाला दोष देऊ नका, त्या बिचाऱ्याने काही केलेलं नाही. १:०२:२८ हा आकडा वाचूनच मला कोड दिसला तुमचा. कुठेतरी वर १००० / ६० असं लिहिलेलं आहे आणि ते इंटीजरमध्ये आहे. बरोबर?

सी मध्ये १००० भागिले ६० म्हणजे १६. वरचे पॉइंट सहा-सहा-सहा गेले. १६ मिलिसेकंदाची फ्रेम म्हणजे सेकंदाला साडेबासष्ट फ्रेम. आता हा गेम वेळ कसा मोजतो ते बघा, त्याच्याकडे घड्याळ नाहीच, तो दर व्हीब्लँकला (एक चित्र काढून झालं की येणारा विराम) एक फ्रेम मोजतो आणि ६० झाल्या की एक सेकंद पुढे ढकलतो. तासाला २,२५,००० फ्रेम भागिले ६० म्हणजे ३७५० सेकंद, म्हणजे १ तास २ मिनिटं ३० सेकंद. तुमचे आले २८, त्या दोन सेकंदांकडे नंतर येतो, ते डेस्कटॉपवरही गायब आहेत ते लक्षात असू द्या.

आता वाईट बातमी. डेस्कटॉपवरचं ५९:५८ सुद्धा चूक आहे.

गेम बॉय ६० फ्रेमने चालत नाही. त्याचा क्रिस्टल ४१,९४,३०४ हर्ट्झ, म्हणजे बरोबर २ चा २२ वा घात. चित्राच्या एका ओळीला क्रिस्टलचे ४५६ ठोके, १५४ ओळी (१४४ दिसणाऱ्या आणि १० व्हीब्लँकच्या), म्हणजे एका फ्रेमला ७०,२२४ ठोके. भागाकार केला की ५९.७२७५ येतात. तुमच्या मॉनिटरने व्हीसिंकच्या नावाखाली त्याला ६० ने पळवलं, जवळपास अर्धा टक्का जास्त. आणि गेम लिहिणाऱ्यांनी हिशोब सोपा ठेवायला ६० फ्रेमचा एक सेकंद धरलेला, म्हणून दोन चुका एकमेकींना खाऊन गेल्या आणि तुम्हाला वाटलं सगळं छान. खऱ्या यंत्रावर हे घड्याळ तासाला सोळा-सव्वासोळा सेकंद मागे पडतं. खरं उत्तर ५९:४३ च्या आसपास यायला हवं.

अर्धवट_कोडर

अहो हे भविष्य सांगितल्यासारखं झालं! आहे, शब्दशः तसंच आहे, अगदी पहिल्याच दिवशी लिहिलेली ओळ, त्यानंतर त्या फाइलमध्ये परत डोकावलोच नाही. आणि १४४ हर्ट्झचं कारणही आता कळलं, एक रिफ्रेश झाला की एक फ्रेम पळवतोय मी, म्हणजे २.४ पट वेग.

आत्ता घाईघाईत व्हीसिंक काढून १६.७४२७ मिलिसेकंद होईपर्यंत नुसतं गोल गोल फिरत थांबायचं असं केलं. एक तास चालवलं, ५९:४१ आलं. म्हणजे तुम्ही म्हणता त्याच्याही दोन सेकंद मागे. आणि सीपीयूचा एक कोअर पूर्ण १०० टक्के, पंखा विमानासारखा. वर एक नवीनच दुखणं, आधी आवाज ठीक होता, आता दर पंचवीस-सव्वीस सेकंदांनी टक् असा आवाज येतो. आधी का येत नव्हता आणि बरोबर वेग केल्यावर का यायला लागला, हे म्हणजे औषध घेतल्यावर ताप यावा तसं झालं.

टिकटिक

५९:४१ म्हणजे उत्तम. ते दोन सेकंद हार्डवेअरचेच आहेत असं समजा. गेम एका नकाशातून दुसऱ्यात जाताना, लढाईच्या पडद्यावर वगैरे, एलसीडी पूर्ण बंद करतो म्हणजे व्हीडिओ रॅममध्ये हवं ते निवांत भरता येतं. एलसीडी बंद असताना व्हीब्लँक येतच नाही, आणि व्हीब्लँक नाही तर हा गेम वेळ मोजत नाही. एक तासात शंभर-सव्वाशे फ्रेम अशा गेल्या की झाले दोन सेकंद.

इथे एक खड्डा आहे बरं का, अनेकजण 'व्हीब्लँक येईपर्यंत सीपीयू चालव' असा मुख्य लूप लिहितात आणि एलसीडी बंद झाला की तो लूप कायमचा तिथेच फिरत बसतो. तुम्ही ठोके मोजून फ्रेम संपवताय असं दिसतंय, ते बरोबर.

पण ठोके मोजताना फ्रेम संपल्यावर काय करता? काउंटर शून्य करता की ७०,२२४ वजा करता?

अर्धवट_कोडर

…शून्य करतो.

टिकटिक

वाटलंच. इन्स्ट्रक्शन अर्ध्यात तोडता येत नाही, त्यामुळे प्रत्येक फ्रेम चार-आठ-बारा ठोके पुढे जाऊन संपते. शून्य केलं की ते जास्तीचे ठोके फुकटात मिळाल्यासारखे होतात. सरासरी आठ धरले तर तासाला ०.४ सेकंद, म्हणजे दिसणार नाही, पण दिवसभर चालू ठेवलं तर दहा सेकंद होतील आणि मग तुम्ही परत इथे येऊन लॅपटॉपला शिव्या द्याल. वजा करा, उरलेलं पुढच्या फ्रेममध्ये न्या. हीच सवय सगळीकडे लावा, जिथे जिथे भागाकार आहे तिथे बाकी फेकायची नाही.

खुडबुड्या

पंख्याबद्दल मी सांगतो कारण यात मी स्वतः दोन आठवडे घातलेत.

प्रत्येक फ्रेमनंतर 'आता इतका वेळ झोप' असं करू नका. झोपेतून उठायला दरवेळी थोडा उशीर होतो आणि तो उशीर साठत जातो. त्याऐवजी सुरुवातीला एकदा वेळ घ्या आणि पुढची फ्रेम कधी द्यायची ती वेळ ठरवून टाका, म्हणजे पहिली वेळ अधिक १,६७,४२,७०६ नॅनोसेकंद, मग त्यात परत तेवढेच, असं. एखादी फ्रेम उशिरा गेली तरी पुढची आपल्या ठरल्या वेळेलाच जाते, उशीर साठत नाही. आगगाडीच्या वेळापत्रकासारखं, एका स्टेशनात उशीर झाला म्हणून पुढच्या सगळ्या स्टेशनांचं वेळापत्रक कोणी बदलत नाही. लिनक्सवर क्लॉक_नॅनोस्लीपला ठराविक वेळ देऊन उठवायला सांगता येतं. विंडोजवर डिफॉल्टला सिस्टिमचा टिक १५.६२५ मिलिसेकंदाचा असतो, त्यामुळे १ मिलिसेकंद झोप म्हटलं तरी तो पंधरा झोपू शकतो, आणि आपली अख्खी फ्रेमच पावणेसतराची! एसडीएल आपण होऊन तो टिक १ मिलिसेकंदावर आणतं, नुसत्या विनएपीआयवर असाल तर टाइमबिगिनपिरियड स्वतः मागावा लागतो. मी करतो ते असं की शेवटचे दोन मिलिसेकंद सोडून बाकीचा वेळ झोपायचं आणि ते दोन गोल फिरत काढायचे. पंखा शांत, वेळ अचूक. आणि गेटटिक्स नको, तो मिलिसेकंदातच बोलतो, एसडीएलचा परफॉर्मन्स काउंटर घ्या.

आता माझी फजिती ऐका. ठरल्या वेळेचं वेळापत्रक लावलं, खूश होऊन लॅपटॉपचं झाकण लावलं आणि झोपलो. सकाळी झाकण उघडलं तर एम्युलेटरच्या मते तो सात तास मागे पडलेला, आणि गड्याने ते सात तास भरून काढायला घेतले. गेम असा सुसाट, बटणं दाबून उपयोग नाही, आवाजाचा नुसता करकराट. म्हणजे वेळापत्रकाला एक कुंपण हवंच, समजा शंभर मिलिसेकंदाच्या वर मागे पडलो तर ते विसरून आत्तापासून नवीन वेळापत्रक. त्यात परत गंमत अशी की कुठलं घड्याळ वापरता त्यावर हे होतं किंवा होत नाही. लिनक्सचं मोनोटोनिक घड्याळ मशीन झोपलं की थांबतं, बूटटाइम नावाचं दुसरं आहे ते झोपेतही चालू राहतं. आणि भिंतीवरचं घड्याळ, म्हणजे तारीख-वेळ सांगणारं, ते फ्रेमसाठी कधीच नको, इंटरनेटवरून वेळ जुळवली की ते मागेपुढे उडी मारतं.

१४४ हर्ट्झला मात्र व्हीसिंक ठेवायला हरकत नाही, फक्त रिफ्रेश झाला म्हणून फ्रेम पुढे ढकलायची नाही. दर रिफ्रेशला विचारायचं की किती वेळ गेला, तेवढे ठोके चालवायचे, फ्रेम तयार झाली असेल तर नवी दाखवायची नाहीतर जुनीच परत. ब्राउझरमध्ये पोर्ट करायचा विचार असेल तर तिथे हे सक्तीचंच आहे, रिक्वेस्टअॅनिमेशनफ्रेम मॉनिटरच्या तालावर नाचतो आणि टॅब मागे गेला की झोपतो.

सूर_बेसूर

वरच्या दोघांशी थोडा वाद घालतो. फ्रेमला बॉस करायची गरजच काय? साउंड कार्डला बॉस करा. डोळ्याला एखादी फ्रेम दोनदा दिसली तर कळत नाही, कानाला एक सॅम्पल (आवाजाचा एक आकडा) चुकलेलंही कळतं.

आधी ते टक् टक्. तुमच्या साउंड कार्डचा रेट ४८,००० असणार आणि प्रत्येक फ्रेमला तुम्ही ८०३ सॅम्पल देताय. बरोबर उत्तर ८०३.६५ आहे आणि तुम्ही पुन्हा इंटीजर केलंत (सवय जात नाही माणसाची). ६० ने पळत होता तेव्हा ८०३ गुणिले ६० म्हणजे ४८,१८०, गरजेपेक्षा जास्तच, ते तुम्ही आवाजाची रांग (बफर) भरली की गुपचूप फेकत असणार म्हणून कळलं नाही. आता ५९.७२७५ ने सेकंदाला ४७,९६१ होतात, म्हणजे दर सेकंदाला ३९ सॅम्पल कमी. रांग १०२४ ची असेल तर सव्वीस सेकंदात रिकामी, टक्.

म्हणजे औषधाने ताप आला नाही, ताप आधीपासून होता, आत्ता थर्मामीटर लावलात इतकंच.

उपाय तोच, बाकी पुढे नेणे, कधी ८०३ कधी ८०४. पण तेवढ्याने कायमचं सुटत नाही कारण साउंड कार्डवर वेगळा क्रिस्टल आहे आणि कॉम्प्युटरच्या घड्याळाचा वेगळा. दोघांत समजा पन्नास पीपीएमचा (दशलक्षात पन्नास) फरक असला तरी सेकंदाला अडीच सॅम्पल, सातेक मिनिटांत परत टक्. म्हणून म्हणतो, रांगेत जागा झाली की तेवढाच एम्युलेटर चालवा, वेळेचा प्रश्नच उरत नाही, कार्ड जेवढं खाईल तेवढं रांधायचं.

आणि व्हीसिंकही हवं असेल, म्हणजे चित्रही गुळगुळीत आणि आवाजही, तर रीसॅम्पलिंगचा रेट किंचित वरखाली करत राहायचं, रांग भरायला लागली की थोडा कमी, रिकामी व्हायला लागली की थोडा जास्त. रेट्रोआर्क या एम्युलेटर चालवायच्या प्रोग्राममध्ये हेच आहे, डिफॉल्टला अर्ध्या टक्क्यापर्यंत सूट. ५९.७३ ला ६० करायला ०.४६ टक्के लागतात, म्हणजे अगदी काठावर बसतं.

टिकटिक

काठावर बसतं आणि गेम अर्धा टक्का फास्ट चालतो. ज्याला गुळगुळीत चित्र हवंय त्याने खुशाल करावं, पण मग ५९:४१ ची अपेक्षा ठेवू नये. न पळवता ६० हर्ट्झवर दाखवलं तर पावणेचार सेकंदांनी एक फ्रेम दोनदा दिसते, बाजूने सरकणाऱ्या गेममध्ये ती बारीकशी ठेच जाणवते, मला चालते, काहींना अजिबात चालत नाही. इथे एकच एक बरोबर उत्तर नाही.

बाकी साउंड कार्डच्या बाबतीत सूर_बेसूर बरोबर आहेत, मीही आवाजालाच बॉस केलंय. पण आवाज म्यूट केला किंवा हेडफोन काढताना डिव्हाइस बदललं की काय होतं ते एकदा बघून ठेवा, माझा एम्युलेटर जागीच थिजायचा. पर्यायी वेळापत्रक हाताशी हवं.

बाहेरचं झालं, पण आतलं घड्याळ तपासलंत का? सीपीयू टेस्ट पास झाल्या म्हणजे टायमर बरोबर असं नाही. डिव्ह आणि टिमा ही टायमरची दोन रजिस्टरं दोन वेगळे काउंटर म्हणून लिहिले असतील तर काही गेममध्ये चुकेल. आत एकच १६ बिटचा काउंटर आहे, दर ठोक्याला वाढणारा. डिव्ह म्हणजे त्याचे वरचे आठ बिट, म्हणून तो सेकंदाला १६,३८४ वेळा वाढतो. टिमा त्याच काउंटरचा एक ठराविक बिट बघत बसतो, ४०९६ हर्ट्झ निवडलं असेल तर नववा बिट (शून्यापासून मोजून), आणि तो बिट १ चा ० झाला की एकाने वाढतो. आता गेमने डिव्हमध्ये काहीही लिहिलं तर पूर्ण काउंटर शून्य होतो. त्या क्षणी तो नववा बिट १ असेल तर? १ चा ० झाला. टिमा फुकटात एकाने वाढला! हा बग नाही, खरं यंत्र असंच वागतं, आणि वेगळे काउंटर ठेवले की हे कधीच जमत नाही. तसंच टिमा २५५ वरून ओव्हरफ्लो झाला की टीएमएची (पुन्हा कुठून सुरू करायचं ते सांगणाऱ्या रजिस्टरची) किंमत लगेच येत नाही, चार ठोके तो शून्यच असतो आणि इंटरप्टही तेवढाच उशिरा. मूनआयचे टेस्ट रॉम (एम्युलेटर तपासायचे छोटे प्रोग्राम) चालवा, नेमकं कुठे चुकतंय ते तिथे दिसतं.

वेळखाऊ

दुसऱ्या प्रश्नाकडे कोणी वळलंच नाही म्हणून मी घुसतो, आरटीसी (कार्ट्रिजमधलं घड्याळ) हा माझा आवडता विषय आहे, बायको म्हणते आयडीच बरोबर निवडलायस.

एमबीसी३ मध्ये तारीख नसते. महिना नाही, वर्ष नाही. तिथे ३२,७६८ हर्ट्झचा वेगळा क्रिस्टल आणि बॅटरी असते आणि सेकंद, मिनिट, तास आणि ९ बिटचा दिवस इतकंच मोजलं जातं, म्हणजे ० ते ५११ दिवस, मग परत शून्य आणि एक कॅरी बिट (मोजणी ओलांडल्याची खूण) लागतो जो गेमने पुसेपर्यंत लागलेलाच राहतो. हे घड्याळ म्हणजे भिंतीवरचं घड्याळ नाही, स्टॉपवॉच आहे. आत्ता किती वाजलेत हे गेम त्यात स्वतःचा फरक मिळवून काढतो.

त्यामुळे तुमचं लोकल वेळ भरून देणं दोन ठिकाणी फसणार. वर्षातला कितवा दिवस देताय ना, तर ३१ डिसेंबरच्या रात्री बाराला दिवस ३६४ वरून शून्यावर येईल, कॅरी न लागता, गेमच्या दृष्टीने घड्याळ वर्षभर मागे गेलं. आणि जिथे उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करतात तिथे वर्षातून दोनदा गोंधळ. लोकल वेळेचा इथे संबंधच नाही, युनिक्स सेकंद घ्या. आणि गेमने लिहिलेलं फेकू नका, तो त्यानेच घड्याळ थांबवतो आणि शून्य करतो. सेकंदात लिहिलं की आतला अर्धवट झालेला सेकंदही शून्यापासून सुरू होतो, हेही विसरू नका.

मी असं करतो. गेम चालू असताना आरटीसी एम्युलेटरच्या ठोक्यांवर चालते, ४१,९४,३०४ ठोके झाले की एक सेकंद. बंद करताना रजिस्टर आणि त्या क्षणाची युनिक्स वेळ .सॅव्ह फाइलच्या शेपटीला लिहायची. उघडताना आत्ताची वेळ वजा तेव्हाची वेळ, तेवढे सेकंद मिळवायचे. उत्तर ऋण आलं, म्हणजे कोणीतरी कॉम्प्युटरची तारीख मागे नेली, तर शून्य धरायचं. ५११ दिवसांच्या वर गेलं तर कॅरी लावायचा.

एक सावधगिरी, गेम बॉय कलरमध्ये डबल स्पीड मोडला सीपीयू ८३,८८,६०८ ने चालतो, डिव्ह आणि टिमाही दुप्पट होतात, पण चित्र, आवाज आणि आरटीसी नाही. सीपीयूचे ठोके मोजून आरटीसी चालवलीत तर दिवस बारा तासांचा होतो. माझा झाला होता. मला वाटलं गेमच असा आहे.

खुडबुड्या

ठोक्यांवर आरटीसी मला पटत नाही. फास्ट फॉरवर्ड केलं की गेममध्ये दोन दिवस निघून जातात, मग रोज एकदा होणाऱ्या घटना बोंबलतात. खऱ्या खेळाडूला काय हवंय, बाहेर संध्याकाळ झाली की आत संध्याकाळ. मी आरटीसी कॉम्प्युटरच्या घड्याळावर ठेवतो, गेमने लॅच केलं, म्हणजे वाचण्यासाठी वेळ पकडून ठेवली (० आणि मग १ लिहिलं) की त्याच क्षणी हिशोब. ठोके-बिके काही नाही.

वेळखाऊ

आणि मग तुमची रेकॉर्ड केलेली खेळी परत वाजवली की दरवेळी वेगळी निघते. दोन जण नेटवर जोडून खेळले की एकाकडे रात्र, दुसऱ्याकडे दिवस, दोघांचं जग फाटलं. ठोक्यांवर असेल तर तीच बटणं, तीच उत्तरं, कितीही वेळा. सेव्ह स्टेटचंही तेच, स्टेटमध्ये सकाळ होती तर सकाळच हवी, तो त्या क्षणाचा फोटो आहे.

पण मान्य, खेळणाऱ्याला संध्याकाळ हवी असते. सेमबॉय या एम्युलेटरमध्ये दोन्ही पर्याय दिलेत, कॉम्प्युटरच्या वेळेशी जुळवून घ्या किंवा हार्डवेअरसारखं अचूक चालवा. दोन्ही ठेवा आणि भांडण मिटवा. माझ्याकडे आता फास्ट फॉरवर्डला आरटीसी खऱ्या वेगाने आणि रेकॉर्डिंग चालू असेल तर ठोक्यांवर असं आहे.

गेम बॉय अॅडव्हान्सकडे कधी वळलात तर तिथे हिशोब उलटा आहे. पोकेमॉन रुबीसारख्या गेममध्ये सेकोची चिप असते आणि ती वर्ष-महिना-तारीख-वारासकट खरी वेळ सांगते, तीही बीसीडीमध्ये (प्रत्येक दशमान अंक चार बिटांत). तिथे मात्र लोकल वेळच द्यावी लागते. बरं फ्रेमचा वेग तिथे तोच, क्रिस्टल बरोबर चौपट आणि फ्रेमचे ठोकेही चौपट, २,८०,८९६, म्हणून परत ५९.७२७५. पण कार्ट्रिजमधून वाचताना, बाहेरच्या रॅममधून वाचताना, प्रीफेच (पुढचं आधीच वाचून ठेवणं) चालू असताना प्रत्येकाला वेगवेगळे ठोके लागतात, ते चुकले की घड्याळ बरोबर आणि गेम तरी अडखळतो. त्याचा वेगळा धागा काढा, इथे नको.

अर्धवट_कोडर

सगळ्यांचे आभार, आठवडा गेला पण बरंच झालं. टिमा वेगळाच काउंटर होता, अर्थात. तो काढून एकच १६ बिटचा केला आणि एका गेमचं संगीत जे कायम थोडं अडखळत होतं, जे मी साउंडमध्ये शोधत बसलो होतो, ते आपोआप सरळ झालं. मूनआयच्या टायमरच्या सगळ्या टेस्ट हिरव्या.

आवाज बॉस, म्यूट असेल तर खुडबुड्यांचं वेळापत्रक, १०० मिलिसेकंदाचं कुंपण. टक् टक् गेली. काल तिन्ही मशीनवर एक-एक तास चालवलं, बटणं रेकॉर्ड करून तीच खेळी तिन्हीकडे. डेस्कटॉप ५९:४१, लॅपटॉप ५९:४१, भावाचा १४४ वाला ५९:४१. आरटीसी सध्या ठोक्यांवर, खुडबुड्यांचा पर्याय मेनूत टाकतोय.

राहून राहून एकच वाटतं, हे ५९:४१ खऱ्या यंत्रावर कोणी बघितलंय का, का आपण सगळे कागदावरच्या भागाकारावर विश्वास ठेवून बसलोय?

टिकटिक

तुमचा प्रश्न वाचून माळ्यावरून जुना गेम बॉय काढला. चार सेल नवीन घातले, कार्ट्रिजच्या पिना पुसल्या, फोनवर एक तासाचा टायमर लावला आणि बसलो खेळत. मधे कोणी बोलायला आलं तर हाताने गप्प बसायची खूण, इतकं गांभीर्य.

५९ मिनिटं ४२ सेकंद.

एक सेकंद कुठे गेला म्हणाल तर माझ्या मते तुमच्या त्या रेकॉर्ड केलेल्या खेळीत तुम्ही माझ्यापेक्षा जास्त वेळा घरांच्या दारांतून आत-बाहेर केलंत. प्रत्येक दाराला एलसीडी बंद होतो. मी गवतातच फिरत होतो बराच वेळ.